विझलेल्या ताऱ्याचा माग आणि खोडदची शांतता

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त धाराशिव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विविध खात्यांतील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहिती खात्यातील, त्यातही कला शाखेच्या पदवीधराने ताऱ्यांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ताऱ्यांचे गणित सांगण्याचा माझा अधिकार नाही, आणि ते मी सांगणारही नाही. परंतु पुणे जिल्ह्यातील खोडद या गावच्या रेडिओ दुर्बिणीने आकाशातील एक अत्यंत क्षीण खूण टिपली, तिची हकिकत अशी आहे की तीत शास्त्रज्ञांइतकाच ग्रामपंचायत, महावितरण, महसूल खाते आणि रेल्वे यांचाही संबंध येतो. म्हणून हा विषय आपल्यासमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

तेरच्या आकाशातील पाहुणा तारा

आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या नगराचा उल्लेख आहे आणि येथील कापड भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात म्हटले आहे. सातवाहनांच्या त्या भरभराटीच्या काळातच, इ. स. १८५ च्या डिसेंबरात, दक्षिण आकाशात अचानक एक तेजस्वी तारा प्रकट झाला. कित्येक महिने तो दिसत राहिला आणि मग मावळला. चिनी दरबारातील ज्योतिषांनी त्याची नोंद केली. अशा ताऱ्याला ते ‘पाहुणा तारा’ म्हणत. येतो, मुक्काम करतो, निघून जातो, म्हणून पाहुणा. तेर हे चीनच्या तत्कालीन राजधानीपेक्षा बरेच दक्षिणेस असल्यामुळे तो तारा येथून क्षितिजाच्या अधिक वर आणि अधिक ठळक दिसला असला पाहिजे. तगरातल्या विणकराने, व्यापाऱ्याने तो पाहिला असेल. नोंद मात्र चीनमध्ये राहिली.

आपल्याकडील ग्रंथांत अशा ताऱ्यांचे उल्लेख सापडतात काय, याचा शोध डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी घेतला होता. २००१ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद त्यांच्या हाती लागली नाही. दप्तर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जरा बोचावी अशी आहे.

हे पाहुणे तारे म्हणजे नवे तारे नव्हेत. त्यांतील सर्वांत तेजस्वी प्रकाराला ‘अतिदीप्त नवतारा’ म्हणजेच सुपरनोव्हा म्हणतात. तो एखाद्या ताऱ्याचा शेवट असतो. सूर्याच्या आठपटीहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराखाली क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने अवकाशात फेकले जातात. दुसऱ्या एका प्रकारात सूर्यासारख्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान, घन गोळ्याचा स्फोट होतो. प्रकाश काही महिन्यांत ओसरतो. पण फेकले गेलेले द्रव्य पसरतच राहते. पुराचे पाणी जसे वाटेतला पालापाचोळा पुढे ढकलीत नेते, तसे ते वाटेतल्या विरळ वायूला ढकलते आणि एक फुगत जाणारे कवच तयार होते. यालाच त्या ताऱ्याचा अवशेष म्हणतात. आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील चुना, म्हणजे कॅल्शियम, यांचा मोठा वाटा अशाच स्फोटांतून आलेला आहे.

हिशेबात न बसणारे अवशेष

आता एक साधा हिशेब पाहू. शिक्षकांनी तो वर्गात जरूर घालावा. आपल्या आकाशगंगेत शतकाला सुमारे दोन अतिदीप्त नवतारे होतात, असा अंदाज आहे. एकेक अवशेष पन्नास-साठ हजार वर्षे ओळखण्याजोगा राहतो असे धरले, तर आज आकाशात असे एक हजाराहून अधिक अवशेष असावयास हवेत. प्रत्यक्षात केंब्रिजचे डेव्हिड ग्रीन यांनी वर्षानुवर्षे चालविलेल्या सूचीत सुमारे तीनशेच आहेत. बाकीचे गेले कोठे?

ते नाहीसे झालेले नाहीत. ते क्षीण आहेत. काही इतके जुने की पसरून पसरून पार्श्वभूमीत विरून गेले आहेत. काही नवे, पण इतके दूर आणि लहान की इतर तेजस्वी वस्तूंच्या गर्दीत हरवले आहेत. आकाशगंगेच्या मध्याकडे तर धुळीचे ढग एवढे दाट आहेत की, त्यांच्यामागे स्फोट झाला तरी डोळ्यांना तो दिसत नाही. आपल्या आकाशगंगेतील अतिदीप्त नवतारा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसल्याची शेवटची नोंद १६०४ सालची आहे. त्यानंतर चार शतके काहीच घडले नाही, असे मुळीच नाही. धनु राशीच्या दिशेचा एक अवशेष १९८४ साली रेडिओ दुर्बिणीने सापडला. पुढे २००८ मध्ये त्याच्या फुगण्याच्या वेगावरून असे दिसले की, त्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचावयास हवा होता तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात. धुळीमुळे तो कोणालाच दिसला नाही.

धूळ प्रकाश अडविते, रेडिओ तरंग अडवीत नाही. अवशेषाच्या कवचात अडकलेले चुंबकीय क्षेत्र आणि त्याभोवती प्रकाशाच्या जवळपास वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन यांच्यामुळे रेडिओ तरंग निघतात. त्यास सिंक्रोट्रॉन प्रारण असे नाव आहे. त्याचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, जितकी कमी तितके हे प्रारण जोरकस असते. नुसत्या तापलेल्या वायूचे तसे नसते. कंप्रता खूप कमी केली तर त्याचा आवाज उलट बसतो.

तुळजापूरच्या नवरात्रात संबळ आणि झांज एकदम वाजत असतात. जवळ उभे राहिले तर दोन्हींचा एकच कल्लोळ होतो. परंतु जाणकार मनुष्य खर्जाकडे कान देऊन संबळ निवडतो. खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. एकाच जागेचे चित्र खालच्या आणि वरच्या अशा दोन पट्ट्यांत घेतात आणि ताऱ्याचा अवशेष कोणता, तापलेला ढग कोणता, हे निवडतात. यासाठी खालच्या पट्टीत बारकाईने ऐकणारे यंत्र लागते. जगात अशी यंत्रे फार थोडी आहेत, आणि त्यांतील एक अग्रगण्य यंत्र महाराष्ट्रात आहे.

दोरांवर ताणलेली जाळी

जुन्नर तालुक्यातील नारायणगावपासून जवळ खोडद आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० कि. मी. तेथे आणि आसपासच्या गावांत मिळून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. १४ तबकड्या मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या आसपास, तर बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर २५ कि. मी. परिसरात पसरलेल्या आहेत. हीच ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजे जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते.

या दुर्बिणीचे जनक डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). १९६३ मध्ये डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेतून परतले. त्यांनी प्रथम कल्याणजवळ १९६५ मध्ये लहान लहान ३२ तबकड्यांची दुर्बीण उभारली, १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुसरी, आणि १९८४ पासून या तिसरीचा विचार सुरू केला. ४५ मीटर व्यासाची तबकडी घन पत्र्याची करावयाची म्हटली तर वजन आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेर जात होते. लांब लाटांना घन पत्रा लागतच नाही, जाळी पुरते, हे ओळखून त्यांनी पोलादी सांगाड्यावर तारेचे दोर ताणले आणि त्यावर बारीक तारेची जाळी बसविली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडाही हलका ठेवता आला. आपल्याकडे शेततळ्यावर किंवा रोपवाटिकेवर शेडनेट ताणताना जो विचार शेतकरी करतो, त्याच जातीचा हा विचार आहे, असे मला वाटते. काटकसरीतून उत्तम यंत्र निर्माण झाल्याची याहून चांगली उदाहरणे आपल्या देशात फार नाहीत.

तीस तबकड्यांच्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात. प्रत्येक जोडीचे संकेत प्रकाशतंतूंच्या तारांतून मध्यवर्ती इमारतीत येतात, तेथे एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि त्यांतून सुमारे २५ कि. मी. रुंदीच्या एकाच दुर्बिणीने घेतल्यासारखे बारीक चित्र संगणक तयार करतो. २००२ पासून ही दुर्बीण जगभरातील संशोधकांना खुली आहे. तिचे नूतनीकरण होऊन २०१९ पासून ती पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद पट्ट्यांत ऐकू लागली आहे.

मूळ नक्षत्राजवळील कवच

याच दुर्बिणीने टिपलेला अवशेष ‘जी ३५४.४ + ०.०’ या नावाने ओळखला जातो. हे आकडे म्हणजे आकाशगंगेच्या नकाशावरील त्याचा पत्ता, गट नंबरासारखा. सुभाशीष रॉय आणि सव्यसाची पाल या दोन संशोधकांनी त्याचा शोध २०१३ साली प्रसिद्ध केला. मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले तर वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, सहज ओळखता येते. नांगीच्या किंचित उत्तरेस ही जागा आहे. डोळ्यांना तेथे आकाशगंगेचा पट्टा दिसेल, अवशेष दिसणार नाही. मोठ्या प्रकाशीय दुर्बिणीलाही धुळीच्या पडद्यापलीकडचे ते कवच दिसणे अवघड आहे.

त्याचा आकार पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे एकोणिसाव्या हिश्शाएवढा. शिवाय ते एका मोठ्या, तापलेल्या हायड्रोजन वायूच्या ढगात गुरफटलेले आहे. मघाशी सांगितलेली संबळ-झांजेची अडचण नेमकी येथे होती. संशोधकांनी ३३० आणि १४०० मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत निरीक्षणे घेतली. (आपल्या आकाशवाणीची एफ. एम. केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतात, म्हणजे ३३० ही पट्टी त्यांच्या तिपटीच्या आसपास.) खालच्या पट्टीत ढगाचा आवाज बसला आणि अर्धवट कवचाचा आवाज टिकला. त्या कवचाच्या काही भागातील तरंगांची कंपने एका विशिष्ट दिशेत बांधलेली आहेत, हेही दिसले. चुंबकीय क्षेत्राची ही खूण असते. वाटेतील हायड्रोजनने कोणत्या कंप्रतेचे तरंग शोषून घेतले आहेत, त्यावरून ही वस्तू निदान १६,००० प्रकाशवर्षे दूर आहे असे ठरले. एवढ्या अंतरावरून एवढे लहान दिसणारे कवच फार काळ फुगत आलेले असू शकत नाही. म्हणून त्याचे वय १०० ते ५०० वर्षे असावे, असे अनुमान त्यांनी मांडले.

या अनुमानाचा अर्थ असा, की आदिलशाहीच्या काळापासून निजामी राजवटीपर्यंत केव्हातरी, आपल्या डोक्यावरच्या आकाशात एका ताऱ्याच्या मरणाची वार्ता येऊन पोचली आणि कोणाला कळली नाही. इ. स. १८५ चा पाहुणा निदान चीनमध्ये तरी नोंदला गेला. याची पहिली नोंद जुन्नर तालुक्यात झाली.

शांतता राखण्याचा खर्च

आता आपल्या कामाच्या भागाकडे येतो.

अशा क्षीण वस्तूंपासून येणारी रेडिओ ऊर्जा किती थोडी असते, याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. आपल्या खिशातला मोबाईल कोणी चंद्रावर नेऊन सुरू ठेवला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक भासेल. मग तोच मोबाईल दुर्बिणीजवळ चालू असला तर काय होईल, हे सांगावयास नको. खोडदला गेल्यावर पाहुण्यांना मोबाईल बंद ठेवण्यास सांगतात, त्यात शिष्टाचाराचा भाग नाही.

मोबाईल तर दिसतो तरी. न दिसणारे पुष्कळ आहे. विजेच्या तारेवरील सैल जोड, तडकलेला इन्सुलेटर, वेल्डिंगची ठिणगी, टीव्हीचा बिघडलेला बूस्टर, हे सारे रेडिओ तरंग सोडतात. खांबावर ठिणगी पडत असेल तर गावकऱ्याला दिवा लुकलुकताना दिसतो. दुर्बिणीला मात्र सोळा हजार प्रकाशवर्षांवरचे कवच दिसेनासे होते. सैल जोड घट्ट करणारा वायरमन हा या शोधाचा भागीदार आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नये.

आंतरराष्ट्रीय नियमांनी काही पट्ट्या खगोलशास्त्रासाठी राखून ठेवल्या आहेत. ३२२ ते ३२८.६ मेगाहर्ट्झ ही त्यांपैकी एक, १४०० ते १४२७ ही दुसरी. परंतु क्षीण वस्तू शोधावयाच्या तर एवढ्या अरुंद फटीतून पाहून भागत नाही. राखीव पट्टीबाहेरही परिसर शांत असावा लागतो, आणि तशी शांतता केवळ कायद्याने मिळत नाही. खोडदची निवड झाली तीच मुळी तेथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता म्हणून. शिवाय पुण्याचे उद्योग व शिक्षणसंस्था हाकेच्या अंतरावर होत्या, आणि त्या अक्षांशावरून दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसतो. वृश्चिकाची नांगी युरोपच्या बऱ्याच भागातून नीट दिसतच नाही.

मात्र निवड झाली तेव्हाचा जुन्नर तालुका आणि आजचा तालुका यांत फार अंतर पडले आहे. नारायणगावचा टोमॅटो बाजार मोठा झाला, महामार्ग रुंद झाला, घरोघरी यंत्रे आली. आणि मग रेल्वेचा प्रश्न आला. पुणे–नाशिक या सुमारे २३५ कि. मी. लांबीच्या द्रुतगती मार्गाचा आराखडा नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता. विजेवर धावणारी गाडी आणि वरची तार यांच्या स्पर्शाने ठिणग्या पडतात. गाडीची संदेशयंत्रणाही रेडिओवरच चालते. दुर्बीण चालविणाऱ्या संस्थेने हरकत घेतली आणि २०२४-२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने हा मार्ग सोडून शिर्डीच्या बाजूने जाण्याचा विचार पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या लोकांनी त्याला विरोध केला. आमच्या दारावरून जाणारी गाडी ताऱ्यांसाठी का वळवावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला ‘अडाणीपणा’ म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही. तुळजापूरला रेल्वे यावी म्हणून या जिल्ह्याने किती वर्षे वाट पाहिली, हे या सभागृहात बसलेल्यांना ठाऊक आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाच्या कामाकडे आपण कोणत्या आशेने पाहतो, तीच आशा नारायणगावच्या शेतकऱ्याची आहे. दुसऱ्या बाजूने, जगात खालच्या पट्टीत इतके स्पष्ट पाहणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि एकदा गेलेली शांतता परत आणता येत नाही. कारखाना हलविता येतो. तीस तबकड्या, त्यांचे पाये आणि जमिनीखालील प्रकाशतंतू उचलून दुसरीकडे नेणे जवळपास अशक्य आहे. माझे मत विचाराल तर दुर्बीण राहिली पाहिजे. पण तिच्या शेजाऱ्यांना त्यासाठी जे सोडावे लागते, त्याची भरपाई रस्ते, दवाखाने, शाळा या रूपाने मोजून दिली गेली पाहिजे, आणि ती देण्यापूर्वी त्यांना नीट समजावून सांगितले पाहिजे. समजावून सांगण्याचे काम आमच्या खात्याकडे येते, हे मी विसरलेलो नाही.

मराठवाड्यासाठी हा प्रश्न परका नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. मृत ताऱ्यांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपणार आहे. तिला रेडिओची नव्हे, जमिनीची शांतता हवी. जवळून जाणारा जड ट्रक किंवा खाणीतील सुरुंग तिच्या मोजमापात उमटतो. म्हणजे उद्या तेथील ग्रामसभांपुढे खडी क्रशर, रस्ता, खाण यांचे ठराव येतील तेव्हा प्रश्न खोडदसारखेच असतील. आपल्यापैकी कित्येकांच्या बदल्या त्या भागात होतील. काय चालेल, काय चालणार नाही आणि किती अंतरावर, याची मराठीत छापलेली साधी पुस्तिका प्रत्येक ग्रामपंचायतीत पहिल्या दिवसापासून असावी, अशी सूचना मी येथे करतो. पंप सुरू करावयास परवानगी लागते काय, येथपर्यंत शंका येतात आणि त्यांचे उत्तर वेळेवर मिळाले नाही की अफवा पसरतात.

शेवटी शिक्षकांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते, सर्वांना दुर्बीण पाहता येते आणि ग्रामीण शाळांतील विद्यार्थी आपले प्रयोग तेथे मांडतात. धाराशिवहून नारायणगाव तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. एका दिवसात मुलांना नेऊन आणणे जमणार नाही, मुक्काम धरूनच सहल आखावी लागेल. पत्रव्यवहार दिवाळीनंतर लगेच सुरू करावा. आणि निघताना मुलांना आधीच सांगून ठेवावे की, तेथे पोचल्यावर फोन बंद राहतील, छायाचित्रे मोबाईलवर काढता येणार नाहीत. ज्यांना तबकड्यांचे चित्र हवे असेल त्यांनी चित्रकलेची वही बरोबर घ्यावी.